बर्फावरचे उलटे पट्टे

४ जून, मंगळवार

ही वही आमच्या प्रशिक्षक ओर्नेलाबाईंनी दिली. रोजची झोप, खाणं आणि सराव हिच्यात लिहायचा आणि शुक्रवारी त्यांना दाखवायचा. ते सगळं मी जुन्या वहीत लिहितो आणि तीच दाखवतो. ही माझ्यासाठी ठेवली आहे. एक गोष्ट कुठेतरी लिहायला हवी आणि ती बाईंच्या नजरेखालून जाता कामा नये.

माझा उजवा खांदा गेला आहे.

अगदी निकामी झालेला नाही. कप उचलता येतो, दाढी करता येते. पण हात डोक्याच्या वर गेला की आत कुणीतरी ओली दोरी पिळतं. आणि हात डोक्यावर नेणं हाच माझा धंदा. जोडीच्या स्केटिंगमध्ये मुलगी उड्या मारते, गिरक्या घेते, लोकांकडे बघून हसते. पुरुषानं खांब व्हायचं. अकरा वर्षं मी निवेसचा खांब आहे. खांबाला तडा गेलाय हे वर उभ्या असलेल्या माणसाला सांगत नाहीत.

मी चौतीस, निवेस एकतीस. हा शेवटचा हंगाम, असं दोघांनी मिळून ठरवलंय. डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथे पहिली येणारी जोडी जानेवारीत युरोपियनला. यंदा इटलीला जागा एकच आहे. गेल्या वर्षी मिलानची पोरं गेली. विशीतली आहेत, रबरासारखी वाकतात. आम्हाला अजून एकदा जायचंय, एवढंच. मग मी वडिलांच्या सफरचंदांत आणि निवेस तिच्या आईच्या आइस्क्रीमच्या दुकानात.

सकाळी सरावाआधी रिंकवरचं बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र मी चालवतो. त्याचा पगार मिळतो. नेहमीच्या दिशेनं वळताना उजव्या हातानं चाक वर ढकलावं लागतं, म्हणून महिनाभर मी ते उलट दिशेनं फिरवतोय. बर्फाला काय, दोन्हीकडून सारखंच.

११ जून, मंगळवार

आज कठड्याशी भांडण. बाईंचा नियम आहे की भांडणं बर्फाबाहेर, पात्यांच्या कव्हरांसोबत ठेवून यायची. निवेसनं आज आतच सुरू केलं.

आमची मोठी उचल, जिच्यात ती माझ्या एका हातावर आडवी असते आणि मी खाली फिरत जातो, ती कायम कार्यक्रमाच्या शेवटी असते. लोक तिच्यासाठीच थांबतात. निवेसला ती यंदा पहिल्या मिनिटात हवीये.

"पहिल्या मिनिटात?" मी म्हणालो. "म्हणजे जेवायच्या आधीच गोड?"

"तू तर गोड खाऊन मग जेवतोस. मी बघते ना अकरा वर्षं."

"अगं, शेवटी लोक उभे राहतात."

"सुरुवातीला बघून शेवटी उभे राहू देत. त्यांची आठवण एवढी वाईट नसते."

मला वाटलं बाई तिला झापतील. बाईंनी टोपीचा गोंडा चाचपला आणि म्हणाल्या, "पोरगी हट्टाला पेटल्यावर मी काय करणार? घाला सुरुवातीला." मी बारा वर्षांचा असल्यापासून बाईंकडे आहे. त्यांनी कुणाचा हट्ट चालवून घेतल्याचं मला आठवत नाही. वय होत चाललंय त्यांचं.

निवेसचं अजून एक टुमणं आहे. प्रत्येक उचल दोनदा उजव्या हातावर केली की एकदा डाव्यावर करायची. तिचं अंग एका बाजूला झुकायला लागलंय म्हणे. मला दिसलं नाही, पण बायकांना आरशात काय काय दिसतं. माझ्या खांद्याला तेवढीच विश्रांती. आनंद झालेला मी दाखवला नाही. थोडी कुरकुर करून हो म्हणालो.

२० जुलै, शनिवार

खांदा सुधारतोय!

बाबा गुडघ्याला लार्च झाडाच्या डिंकाचं मलम चोळतात. तीन आठवडे मी ते चोरून लावतोय. आज उचल इतकी हलकी गेली की वर गेल्यावर मलाच आश्चर्य वाटलं. खालून जोर लावायच्या आतच निवेस वर होती.

निवेस मात्र विचित्र वागायला लागली आहे. रोज सकाळी गाड्या लावायच्या जागेत दोरीवरच्या उड्या मारते. पाचशे! मग जिन्यावरून एका पायावर वर, दुसऱ्या पायावर खाली. एकतिसाव्या वर्षी शाळकरी मुलीसारखं. मी विचारलं तर म्हणाली, "मिलानची ती पोरगी बघितलीस? मांड्या बघितल्यास तिच्या?"

"मी नाही बघत."

"खोटारडा." मग नाक वर करून हुंगलं. "तुला हा जंगलाचा वास कसला येतोय?"

"परफ्यूम."

"कुणाचं? अस्वलाचं?"

सावध राहायला हवं. मलम आता रात्रीच लावायचं.

१६ सप्टेंबर, सोमवार

गोल्डन सफरचंदं उतरवायला सुरुवात झाली. नोन दरीत सप्टेंबरात आमच्या दालपियाझ घरातला माणूस बागेत नसेल तर तो इस्पितळात तरी असतो किंवा कबरीत. बाईंना दर वर्षी हा पंधरवडा डोळ्यांत खुपतो. दर वर्षी त्या म्हणतात, "सफरचंदं काय, पुढच्या वर्षी परत लागतील." आणि दर वर्षी बाबा त्यांच्याकडे एक पेटी पाठवतात, की वाद मिटतो. या वर्षी बाई काही बोलल्याच नाहीत.

सकाळी सहाला बागेत पोचलो तर निवेस आधीच हजर! अकरा वर्षांत ती इथे फक्त बटाट्याचं तोर्तेल खायला आली होती. आज बाबांचे जुने बूट घालून, छातीवर पिशवी बांधून तोडणीच्या मंचावर उभी. देठासकट फळ कसं उतरवायचं ते बाबा तिला दाखवत होते. तळवा खाली धरायचा, वर वळवायचं, ओढायचं नाही.

"म्हणजे हा मला धरतो तसंच," निवेस म्हणाली.

"तुला तो टाकत असेल, पोरी. फळ टाकलं तर मी त्याला घरात घेत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू ट्रॅक्टरवर बस."

ट्रॅक्टर! आमच्या घरात ट्रॅक्टर सत्तरी उलटलेले काका चालवतात. मी म्हणालो, "बाबा, मी काय म्हातारा झालो?"

"मंचावर जागा नाही. ही कामाची आहे, तुझ्यासारखी गाणी म्हणत नाही बसत."

दिवसभर निवेस मंचावर आणि मी खाली धूर खात. तिचा आमच्या बागेवर डोळा आहे की काय? दुपारी बाबांना विचारलं तर ते तोर्तेल चावत म्हणाले, "तू डावखुरा कधीपासून झालास?" माझा घास डाव्या हातात होता. म्हणालो, उजवा हात चिकट झालाय. त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या ताटातला मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला.

२८ सप्टेंबर, शनिवार

बागेतला शेवटचा दिवस. एक चूक झाली.

शेवटची पेटी गाडीवर चढवताना दालपियाझ घरातला माणूस ती खांद्यावर घेऊन नेतो. आजोबांपासूनची रीत आहे. शेजारच्या बागांतले लोक कुंपणाशी येऊन बघतात. बाबा म्हणाले, "यंदा गाडीच पुढे घेऊ." निवेस म्हणाली, "मला उचलू दे ना, पाहुणी आहे मी." सगळे हसले. आणि मला कळलं की हे हसू माझ्यावर आहे. बारा दिवस ट्रॅक्टरवर बसलो होतो ना. मी उतरलो आणि पेटी घेतली. सवयीनं उजव्या खांद्यावर.

गाडीपर्यंत नेली. टाळ्याही वाजल्या. आत काहीतरी टचकन झालं, ते टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

निवेस टाळ्या वाजवत नव्हती. दमली असणार.

८ ऑक्टोबर, मंगळवार

मलम दुप्पट केलंय. उजव्यावरच्या दोन उचलींपैकी दुसरी होते न होते. डावा मात्र आता लाकडाच्या ओंडक्यासारखा भक्कम झालाय. उपयोग काय, स्पर्धेत उजवाच लागणार.

निवेसचं नवीन. मरणचक्रात मी बर्फात पात्याचं टोक रोवून उभा असतो आणि ती माझा एकच हात धरून, डोकं बर्फाला टेकेल इतकी आडवी होऊन माझ्याभोवती फिरते. तो हात उजवा. आज म्हणाली, "डावा दे. उजव्यात मला घाम येतो."

"घाम तुला येतो की माझ्या उजव्या हाताला?"

"तुमच्या दोघांत ठरवा. मला डावा दे."

मला आता वेगळीच शंका यायला लागली आहे. सगळं आधी उरकून टाकायचं, हात बदलायचे, दोरीवर उड्या मारायच्या. निवेस घाबरली आहे. शेवटच्या हंगामात होतं असं. तिला ते कबूल करवत नसेल. मी काही विचारणार नाही. मीच तिला सांभाळून घ्यायला हवं.

दुपारी बाईंच्या घरी कॉफीला त्यांचे भावजी भेटले, त्रेंतोला हाडांचे डॉक्टर आहेत. फार गप्पिष्ट माणूस. सफरचंदांबद्दल बोलत बोलत त्यांनी माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. "कितीपर्यंत उंच फांदी असते? एवढी? आणि मागची? एवढी?" असं म्हणत माझाच हात वर, बाजूला, मागे. मी दात दाबून हसत होतो. म्हणाले, "तुटलेलं काही नाही," मी चमकलो तर पुढे म्हणाले, "म्हणजे फांद्या हो, यंदा गारपिटीनं." बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना रबरी पट्टे वाटले. रोज वीस मिनिटं खांद्याचे व्यायाम, सगळ्यांना सक्तीचे. माझ्या नशिबानं!

१७ नोव्हेंबर, रविवार

हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

डोंगरापलीकडे छोटी स्पर्धा होती, ऑस्ट्रियात. मोठ्या उचलीत निवेस वर गेली, डावा हात सुटला, उजव्यावर आली आणि दुसऱ्या गिरकीला माझा खांदा गेला. दोरी पिळली नाही, सुटलीच. अर्ध्या क्षणात निवेसनं स्वतःला दुमडलं आणि माझ्या छातीवरून घसरत पायांवर उतरली. लोकांना वाटलं असेल तसंच ठरलेलं आहे. पंचांना नाही वाटलं. आम्ही चौथे.

बाकावर बसल्यावर बाईंनी विचारायच्या आधी निवेस म्हणाली, "माझा गुडघा हलला."

बाई तिला बोलल्या. इतक्या वर्षांची तू, गुडघा कसा हलतो, वगैरे. नेहमीसारखा आवाज चढला नाही. बोलताना माझ्याकडे बघत होत्या.

आणि मी गप्प बसलो.

निवेसचा गुडघा हलला नव्हता. तो माझ्या डोळ्यांसमोर असतो, मला त्याच्यावरचे व्रणसुद्धा पाठ आहेत. बिचारीला खरंच वाटतंय की चूक तिची. आधीच घाबरलेली आणि त्यात हे. परत येताना बसमध्ये ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि झोपली. मी बोगदे मोजत आलो. तिला सांगायला हवं. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी सांगायला हवं. सांगितलं तर ती उचलच काढून टाकेल आणि उचलीशिवाय मिलानच्या पोरांपुढे आमचा पाड लागत नाही. तिची शेवटची संधी माझ्या तोंडून जाईल. आणि नाही सांगितलं तर कदाचित माझ्या हातून जाईल, आणि ती मग बर्फावर पडलेली असेल.

१४ डिसेंबर, शनिवार

काल छोटा कार्यक्रम झाला. मिलानची पोरं दीड गुणानं पुढे. फार नाही. उद्या मोठा.

आज सराव संपल्यावर मी निवेसला कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठलं.

"निवेस, मला काहीतरी सांगायचंय."

"लग्न ठरलं?"

"नाही गं."

"मग उद्या सांग."

"उद्या उशीर होईल."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, स्पर्धेआधी नेहमी ओढते तशी. "अरे, अकरा वर्षं मी तुझ्या डोक्यावर उभी आहे. तिथून सगळं दिसतं. उद्या तू मला फक्त वर ने, पुढचं माझ्यावर सोड."

म्हणजे तिला धीर आलाय. निदान तसं दाखवतेय. मला मात्र झोप येईलसं वाटत नाही.

बाबांचा फोन आला. "लांडग्याच्या जबड्यात जा," म्हणाले; आमच्याकडे शुभेच्छा अशाच देतात. मी म्हणालो, "मरो तो लांडगा." मग त्यांनी विचारलं, "ट्रॅक्टर तिकडे पाठवू का?" आणि स्वतःच हसून फोन ठेवला. म्हातारपणी विनोद करायला लागलेत.

१५ डिसेंबर, रविवार

सगळं लिहून ठेवतो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

मिलानच्या पोरांच्या आधी आमचं नाव आलं. दाराशी मी निवेसच्या पात्यांची कव्हरं काढली, तिनं माझी, बाईंच्या हातात दिली. बाई म्हणाल्या, "श्वास घ्या." दर वेळी एवढंच म्हणतात.

संगीत सुरू झालं, पहिली उडी नीट झाली, आणि मोठी उचल आली. मी गुडघे वाकवले. निवेसनं असा जोर मारला की माझ्या हातांना फक्त वाट दाखवायची होती. वर. दोन्ही हात दोन्ही हातांत. ठरल्याप्रमाणे आता तिनं माझा डावा सोडायचा, मी उजव्यावर उभं राहायचं. मी दात आवळले, खांद्याला म्हणालो, तीन गिरक्या, फक्त तीन, मग जन्मभर तू म्हणशील तसं.

निवेसनं माझा उजवा सोडला.

मला वाटलं ती चुकली. विचार करायला वेळ नव्हता. वजन डाव्यावर आलं, आणि डाव्यानं ते घेतलं, रोज घेतो तसं. जून, जुलै, ऑगस्ट, रोज, दोनदा उजव्यावर की एकदा डाव्यावर. पहिली गिरकी, दुसरी, तिसरी. उजवा हात मोकळा होता. त्याचं काय करायचं कळेना, म्हणून मी तो बाजूला पसरला. नंतर लोक म्हणाले तो फार सुंदर दिसला.

चौथी गिरकीही घेतली. उगाच. गोड सुरुवातीलाच खाल्लं की भूक वाढते, ते खरं आहे.

मरणचक्र डाव्या हातानं. बाकीचं पायांनी आणि निवेसनं केलं. शेवटी लोक उभे राहिले.

बाकावर गुणांची वाट बघताना समोर मायक्रोफोन असतो. निवेसनं त्याच्यावर आपलं जॅकेट टाकलं.

"तू चुकीचा हात सोडलास," मी म्हणालो.

"बरोबर सोडला."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. एके दिवशी सकाळी रिंकवर आले तर बर्फावरचे ओले पट्टे उलटे होते. बारा वर्षांचा असल्यापासून या रिंकवर आहेस, कधी उलटं फिरवलं नाहीस यंत्र. म्हटलं, या माणसाचा उजवा गेला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

मी तिला विचारलं, "ऑस्ट्रियात गुडघा?"

"गुडघा ठणठणीत आहे. खांदा तुझा असेल, लोरिस, पण त्याच्यावर मी उभी असते. पडले असते तर मीच पडले असते ना? मग काय सांगायचं आणि काय नाही, ते मी ठरवलं."

मी दोन महिने हिला सांभाळून घेत होतो. ही वही उघडून दाखवली तर हसून मरेल.

गुण आले. मग मिलानची पोरं आली आणि फार छान फिरली, खोटं कशाला बोलू. एका उडीनंतर मुलीचा हात बर्फाला टेकला. एकदाच. शेवटी आम्ही पाऊण गुणानं पुढे होतो. युरोपियनला आम्ही जाणार.

मिलानच्या मुलानं येऊन हात मिळवला. मी उजवा पुढे केला, तो घट्ट दाबून हलवायला लागला. निवेसनं मध्येच त्याला मिठी मारून माझा हात सोडवला.

१८ डिसेंबर, बुधवार

खरं तर निवेसकडे मी एक वचन मागितलं होतं. बाईंना इतक्यात काही सांगायचं नाही. युरोपियन झालं की मीच सांगीन आणि मग त्रेंतोला जाऊन दाखवीन. निवेस म्हणाली, "बरं बाबा, नाही सांगत." तोंड फिरवून म्हणाली.

सकाळी यंत्राची किल्ली घ्यायला बाईंचं कपाट उघडलं. बाई अजून आल्या नव्हत्या. दाराच्या आतल्या बाजूला त्यांचा हंगामाचा कागद चिकटवलेला असतो. पूर्वी कधी वाचायची वेळ आली नाही, कारण किल्ली दारालाच लटकते आणि मी घाईत असतो. आज घाई नव्हती.

वर तारीख होती ९ जून. खाली बाईंच्या किरट्या अक्षरात आमचा कार्यक्रम. मोठी उचल पहिल्या मिनिटात. पुढे लाल शाईनं, राष्ट्रीयला डावा. मरणचक्र, डावा. मग समासात: निवेसशी बोलले, ११ला ती भांडेल. सप्टेंबर, ग्वेरिनोला फोन, ट्रॅक्टर. ग्वेरिनो म्हणजे बाबा. ऑक्टोबर, भावजी, कॉफी. आणि तळाशी, दोनदा अधोरेखित: तो सांगेपर्यंत विचारायचं नाही.

मी तिथेच स्टुलावर बसलो. बर्फ करायला उशीर झाला.

आधी वाटलं आत जाऊन बाईंची वाट बघावी आणि सगळं सांगून टाकावं. मग विचार केला, तीन माणसांनी मिळून सहा महिने मला काही कळू दिलं नाही. केवढी मेहनत लागली असेल! माझ्यासारखा माणूस समोर असला तरीही. त्यांच्या कष्टांवर मी असं एका सकाळी पाणी कसं फिरवू? जानेवारीत सांगणार ठरलंय, तर जानेवारीत सांगीन. तोवर त्यांनी मला जसं वागवलं तसं मीही त्यांना वागवीन. मलमाचं मात्र मी कुणाला सांगणार नाही. जुलैत त्यानं खरंच फरक पडला होता.

कपाट होतं तसं लावलं. यंत्र बाहेर काढलं आणि उलट दिशेनं फिरवलं, आता मजेत. पट्टे ओले असतानाच बाई आल्या. कठड्याशी उभ्या राहून त्यांनी बर्फाकडे नीट बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी यंत्र त्यांच्यापाशी थांबवलं. "बाई, मोठी उचल सुरुवातीला घ्यायचं निवेसला कसं काय सुचलं असेल हो?"

बाईंनी टोपीचा गोंडा चाचपला.

"कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "हट्टी आहे पोरगी."

"हट्टी आहेच," मी म्हणालो.